चमकतं त्याला हात लावायचा नाही

आमच्या तालुक्यात तो चष्मा आला तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता, हे आधीच कबूल करते. नंतरचं सांगायला लागलं की आपण पहिल्यापासून शहाणे होतो असं वाटायला लागतं. तसं काही नव्हतं.

मी विशेष शिक्षिका आहे, करारावरची. वाशी तालुक्यातल्या शाळांमधून स्कूटीवर फिरायचं, जी मुलं बोलत नाहीत, बसत नाहीत, ऐकत नाहीत असं गुरुजी म्हणतात त्यांच्याजवळ जाऊन बसायचं, आणि महिनाअखेरीला पंधरा रकान्यांचा तक्ता भरायचा. माहेर तुळजापूरचं, पुजाऱ्यांचं. लांबून आलेल्या माणसाला गर्दीतून वाट काढून देवीसमोर नीट उभं करायचं, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं काम. त्यामुळे मुलांना रांगेत लावून यंत्रासमोर उभं करायचं म्हटल्यावर मला ते परकं वाटलं नाही.

परिपत्रकाचा विषय होता, ‘आभासी वास्तव तंत्रज्ञानाद्वारे स्वमग्न बालकांच्या कारक कौशल्यांचे मूल्यमापन’. एवढं फ्लेक्सवर बसेना, कारण गटशिक्षणाधिकारी साहेबांचा फोटो मोठा घ्यायचा होता. म्हणून फ्लेक्सवाल्यानं ‘स्वमग्न बालकांचे आभासी मूल्यमापन’ असं करून टाकलं. पंचायत समितीच्या सभागृहात तो फ्लेक्स दिवसभर लटकत होता आणि त्यात कुणालाही काही चूक दिसली नाही. मलासुद्धा नाही.

कारक कौशल्यं म्हणजे साध्या भाषेत हातापायांचं, बोटांचं आणि तोलाचं काम. मुलानं डोळ्यांवर तो जाड चष्मा चढवायचा, की त्याला समोर एक बाग दिसते. वरून एकेक चमकणारा गोळा खाली येतो. त्याला हात लावायचा, की तो फुटतो. असे चाळीस गोळे. मूल कोणता हात पुढं करतं, किती लवकर करतं, हात थरथरतो का, तोल जातो का, हे सगळं यंत्र मोजतं आणि भिंतीवरच्या पडद्यावर आकडा दाखवतं. आजवर हे मी मणी ओवायला देऊन, चेंडू टाकून, एका पायावर उभं करून बघायची आणि अंदाजानं लिहायची. अंदाज हा शब्द वरच्या कार्यालयात शिवीसारखा वापरतात, त्यामुळे यंत्र आलं याचा मला खरोखर आनंद झाला.

यंत्राबरोबर पुण्याहून एक इंजिनिअर मुलगी आली होती. हुशार आणि नम्र, दर दोन वाक्यांनंतर ‘मॅडम, तुम्हाला चालेल ना’ असं विचारणारी. उद्घाटन साहेबांनी स्वतः चष्मा घालून केलं. यंत्र चौदाच्या वरचं वय घेत नव्हतं, म्हणून तिनं त्यांच्या नावापुढं दहा टाकलं. साहेबांनी पहिल्या गोळ्याला हात मारला तो टेबलावरच्या नारळाला लागला. तिसऱ्या गोळ्याला शेजारच्या विस्तार अधिकाऱ्यांचा खांदा मिळाला. दोन मिनिटांनी पडद्यावर अक्षरं उमटली: समन्वयात लक्षणीय कमतरता, पुढील तपासणी आवश्यक.

मुलीनं झटकन बटण दाबून ते पुसलं आणि म्हणाली, की सर, हा डेमो होता, हे रीडिंग धरायचं नसतं. साहेबही म्हणाले की यंत्र अजून नीट बसलेलं नाही. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. एवढा मोठा माणूस, रोज शंभर कागदांवर सह्या करतो, त्याच्या हातांना काय झालं असणार.

मग मुलांची रांग सुरू झाली. सरकारी शिबिर म्हणून आयांनी पोरांना ठेवणीतले कपडे घातले होते आणि डोक्यावर ओंजळभर तेल थापलं होतं. चष्मा घसरून नाकावर यायचा, मुलगी तो वर सरकवायची, तो परत घसरायचा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुण्याहून आलेल्या त्या यंत्राला खोबरेल तेलाचा वास यायला लागला होता.

दुपारी तेरखेड्याची पोर आली. नऊ वर्षांची, तिसरीच्या पटावरची. चारपाच शब्दांपलीकडे बोलत नाही. नजर तुमच्या कानाच्या बाजूला कुठंतरी असते. तेरखेड्याचं नाव घेतलं की जिल्ह्यात कुणालाही दिवाळी आठवते, कारण फटाके तिथं बनतात. तिथल्या लोकांना मात्र ते बाराही महिन्यांचं काम. तिची आई गावाबाहेरच्या एका शेडमध्ये त्याच कामाला जायची आणि त्या दिवशी खाडा करून आली होती.

खाडा करण्याचं कारण होतं. मुख्याध्यापकांनी तिला सांगितलं होतं, की जूनपासून पोरगी वर्गात ठेवायची असेल तर तिला स्वतःच्या हातानं स्वतःचं करता येतं असा कागद आणा, नाहीतर दुसऱ्या जिल्ह्यातल्या निवासी शाळेत घाला. कायद्यानं असा कागद मागता येत नाही हे मी त्यांना दोनदा सांगितलं होतं. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि कागद मागितला. आईला निवासी शाळा नको होती. “तिला बोलता येत न्हाय,” ती मला म्हणाली होती. “तिथं दुखलंखुपलं तर कुणाला सांगंल ती?” मी पोरीचं नाव शिबिराच्या यादीत घातलं. कागद आता यंत्राकडून मिळणार होता.

आम्ही आईला दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं, तिथून पडदा दिसत नव्हता, आणि पोरीला चष्मा चढवला. पडद्यावर बाग आली. पहिला गोळा सोनेरी झळाळत खाली यायला लागला. पोर एक पाऊल मागं सरली. मग दुसरं, मग तिसरं. मग उकिडवी बसली आणि दोन्ही कानांत बोटं घातली. गोळा तिच्या डोक्यावरून निघून गेला, दुसरा आला, तिसरा आला. ती तशीच बसलेली. आम्ही तिला उभं केलं, पुन्हा सुरू केलं. पुन्हा तीन पावलं, पुन्हा उकिडवी, पुन्हा कान. तीनदा झालं.

चाळीसपैकी शून्य. पडद्यावर आलं: पुढं होऊन हात लावण्याची हालचाल आढळली नाही, श्रेणी गंभीर. ते कुणी पुसलं नाही. मी तक्त्यात उतरवून घेतलं, आणि अक्षर चांगलं काढलं.

आईनं विचारलं, की आत काय दिसतं. मी म्हटलं, काही नाही ताई, चमकणारे गोळे येतात, त्यांना हात लावायचा असतो. ती माझ्याकडं बघत राहिली. “चमकणारे?” ती म्हणाली. “मंग कशी लावंल ती हात?” मला वाटलं, आई आहे, निराश झाली आहे. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, की तीन आठवड्यांनी यंत्र परत येणार आहे, तोवर सराव करून घेऊ. तिला पुढं आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण मी रांगेतल्या पुढच्या मुलाला हाक मारली.

सराव म्हणजे माझा आवडता विषय. पुढच्याच रविवारी तुळजापुरात देवळाच्या रस्त्यावरच्या दुकानातून मी एक रबरी चेंडू घेतला, आपटला की आत लालनिळा दिवा लागणारा. चिक्कीचं पाकीट घेतलं. आणि सोमवारपासून रोज दुपारी चारला तेरखेड्याला जायला लागले.

त्यांचं घर गावाच्या अगदी कडेला. अंगण संपलं की माळ. पोरीच्या आत्याचं लग्न ठरलं होतं, त्यामुळे बायका अंगणात गव्हले करत बसल्या होत्या. कणकेचा कण चिमटीत घ्यायचा आणि बोटांवर वळून तांदळाच्या दाण्याएवढा करायचा, असं हे खिरीसाठीचं किचकट काम. पोर त्यांच्यात बसलेली. तिच्या ताटातले गव्हले सगळे एका मापाचे. तिच्या काकूच्या ताटात काही तांदूळ होते आणि काही वाटाणे. मी वाकून बघितलं, म्हटलं, “छान,” आणि पिशवीतून चेंडू काढला.

विशेष शिक्षिका होण्यासाठी मी दोन वर्षांची पदविका घेतली आहे. बोटांच्या सूक्ष्म हालचालींवर त्यात एक अख्खा पेपर होता. तो मी पहिल्या वर्गात पास झाले होते.

पहिल्या दिवशी चेंडूतला दिवा लागला तशी पोर मागं सरली. मी पुढं गेले, चेंडूला हात लावून दाखवला, चिक्कीचा तुकडा दाखवला. दोन दिवस असं चाललं. आई शेडवरून आली की हातपाय धुऊन उंबऱ्यात बसून बघायची. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, “म्याडम, चमकतंय त्याला हात लावाया कशाला शिकवायलाव?” मी तिला नीट समजावून सांगितलं. हात आणि डोळा यांचा मेळ, यंत्र, श्रेणी, मुख्याध्यापकांचा कागद. मी बराच वेळ बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि गप्प बसली. मॅडम आहेत, त्यांना कळत असेल, असा तो गप्पपणा होता. तो मला फार सोयीचा वाटला.

चौथ्या दिवशी पोरीनं एका बोटानं चेंडूला स्पर्श केला. शनिवारी, सहाव्या दिवशी, दिवा लागला तशी ती पुढं आली, दोन्ही हातांनी चेंडू धरला आणि माझ्याकडं, म्हणजे माझ्या कानाकडं, बघत हात पसरला. मी चिक्की दिली. टाळ्या वाजवल्या. वही काढून तिथंच लिहिलं: उल्लेखनीय प्रगती.

वही पिशवीत ठेवत होते तेवढ्यात माळावर कुणीतरी भुईचक्र लावलं. नवा माल चालतो का हे बघायला तिथं असं दिवसाउजेडी लावून बघतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण ते चक्र जागेवर न फिरता घसरत सुटलं आणि ठिणग्या उडवत सरळ अंगणात आलं.

तिथली माणसं ओरडली नाहीत की पळाली नाहीत. काकू, आत्या, शेळी सोडायला आलेली शेजारीण, सगळ्या एकाच वेळी तीन पावलं मागं सरल्या, उकिडव्या बसल्या आणि कानांवर हात ठेवले. हे मी आधी बघितलं होतं. पंचायत समितीच्या सभागृहात, तीन वेळा बघितलं होतं, आणि त्याला शून्य दिलं होतं.

दोघीच मागं सरल्या नाहीत. एक मी, कारण मला माहीत नव्हतं. दुसरी ती, कारण मी तिला शिकवलं होतं. ती दोन पावलं पुढं झाली, दोन्ही हात पसरून वाकली, आणि वाकतावाकता चिक्कीसाठी माझ्याकडं बघितलं.

आईनं तिला मागून फ्रॉकला धरून ओढलं. दोघी पडल्या. चक्र पोर उभी होती तिथं येऊन फिरलं आणि विझलं. सारवलेल्या अंगणात एक काळं वर्तुळ राहिलं. कुणाला काही झालं नाही. पोर उठली आणि परत चिक्की मागायला लागली.

आई उठली, लुगड्याला लागलेली माती झटकली. तिचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं. “मागं सरायचं, खाली बसायचं, कान झाकायचं,” ती म्हणाली. “एवढं तिला शिकवाया दोन वरीस लागले मला. भितीवर ब्याटरीचा उजेड पाडून पाडून शिकवलं. मी घरी नसताना तिला कोण सांभाळतंय? तेच सांभाळतंय. तुमी सा दिवसांत मोडलं.”

मला लाज वाटली. अशी लाज, की स्कूटीची किल्ली कुठं ठेवली ते आठवेना. परतीच्या वाटेवर मी ती वही काढून उल्लेखनीय प्रगतीचं पान फाडलं. त्यानं काय होणार होतं, पण फाडलं.

रविवारी पुण्याच्या मुलीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ती म्हणाली, की मॅडम, चमक बंद करता येते, सेटिंगमध्ये आहे, पाच मिनिटांचं काम, आधी सांगितलं असतं तर तेव्हाच केलं असतं. मी तरी आधी काय सांगणार होते, मला कुठं माहीत होतं. ज्या बाईला माहीत होतं तिला आम्ही दाराजवळच्या खुर्चीवर बसवून ठेवलं होतं, आणि तिनं सांगायला तोंड उघडलं तेव्हा मी रांग पुढं सरकवली होती.

पुढचे दोन आठवडे आईनं पोरीला परत मागं सरायला शिकवलं. कामावरून आल्यावर, रोज. मी विचारलं की मी येऊ का. ती म्हणाली, “या की. पर त्यो चेंडू आणू नगा.” मी जायची आणि बायकांबरोबर गव्हले करायची. माझे गव्हले पोर एकेक उचलून ताटाबाहेर ठेवायची. तिची श्रेणी देण्याची पद्धत यंत्रापेक्षा कडक होती आणि त्यात डेमो नव्हता. पोर मागं सरते का हे मी आईला विचारलं नाही. मला विचारायची हिंमत झाली नाही. काही दिवस सरते आणि काही दिवस थांबून माझ्या पिशवीकडं बघते, एवढं मला दिसत होतं.

तीन आठवड्यांनी यंत्र परत आलं. या वेळी फ्लेक्स नव्हता, साहेब नव्हते. मुख्याध्यापक होते, कारण त्यांना त्याच इमारतीत दुसरी बैठक होती. मुलीनं गोळ्यांची झळाळी काढून टाकली होती. आता ते कणकेच्या रंगाचे, अगदी मळकट दिसत होते. पोरीला चष्मा लावायला गेले तर आई मधे आली आणि म्हणाली, “आदी मी बघते.” तिनं पदरावरूनच चष्मा चढवला. थोडा वेळ स्थिर उभी राहिली, मग हात वर करून एक गोळा धरला. चष्मा काढून माझ्या हातात देत म्हणाली, “हे चालंल.”

पोर बराच वेळ नुसती उभी होती. चार गोळे निघून गेले. पाचव्याला तिनं हात लावला, पण फटका मारला नाही. चिमटीत धरल्यासारखं केलं आणि बोटांवर वळायला लागली. गोळा फुटला, तिनं पुढचा घेतला, तोही वळायला गेली. यंत्राला हे काय चाललंय ते कळत नव्हतं, पण हात पुढं आला एवढं त्यानं मोजलं. चाळीसपैकी तेवीस. श्रेणी सौम्य. खाली लिहून आलं, वेग कमी. वेग कमीच असणार, ती गव्हले करत होती.

कागद निघाला. मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, पोरीचे हात तर चांगले आहेत की, जूनमध्ये पाठवा. दोन वर्षं ती पोर त्यांच्या शाळेच्या व्हरांड्यात बसून दगडगोट्यांच्या सारख्या ओळी लावत होती. मी नुसती मान डोलावली. कागद त्यांच्या खिशात होता आणि मला तो तिथंच राहायला हवा होता.

मुलगी वायरी गुंडाळायला लागली तेव्हा आई पुढं आली. “म्याडम, आता ते आदलं लावा. चमकणारं.”

मुलगी म्हणाली, की ताई, कशाला, झालं आता, मार्क कमी होतील. आई म्हणाली, “मार्क ऱ्हाऊ द्या.”

मला कळलं. मी मुलीला खूण केली, तिनं चमक परत चालू केली. पोरीच्या डोळ्यांवर चष्मा गेला, पडद्यावर बाग आली आणि वरून पहिला गोळा सोनेरी झळाळत यायला लागला. आईनं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. पोर हलली नाही. मग तिचा उजवा हात जरासा वर आला. पिशवी मी मुद्दाम बाहेर स्कूटीला लावून आले होते, तरी त्या क्षणी मला वाटलं, की तिला चिक्कीचा वास येतोय.

हात खाली गेला. एक पाऊल मागं. दुसरं. तिसरं. ती उकिडवी बसली आणि कानांत बोटं घातली. दुसरा गोळा आला, दहावा आला, तिसावा आला. ती बसलेली होती. चाळीसावा गोळा डोक्यावरून गेला तेव्हा पडद्यावर उमटलं: शून्य, श्रेणी गंभीर.

आई त्या दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि पदरानं तोंड पुसलं. “झाली पास,” ती म्हणाली, आणि मग रडली.

मुलीनं हळूच मला विचारलं, की मॅडम, हे पुसून टाकू ना, डेमो म्हणून. मी म्हटलं, राहू द्या. माझ्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता, म्हणून खाली मोकळ्या जागेत हातानं लिहिलं: चमकणारी वस्तू दिसताच तीन पावलं मागं सरते, खाली बसते, कान झाकते. चाळीसपैकी चाळीस.